पैसे बघायचा दिवस

सर्जेराव गेल्याच्या सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून उठली तेव्हा दीड वाजून गेला होता. भंतेजी बाराच्या आत भोजन करून गेले, मग पंगती बसल्या, मग अंबडकडचे पाहुणे चपला शोधत, चांगुणाबाईंपुढे दोन मिनिटं टेकत, "धीर धरा बाई" म्हणत निघाले. एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतलं ते दोन खोल्यांचं घर एवढ्या माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. आता घरची पाचच उरली तरी ते मोकळं वाटत नव्हतं.

भारताने दार आतून लोटून घेतलं. सर्जेरावांचा हा थोरला, परतूरला खासगी शाळेत मास्तर. सात दिवसांत त्याने मृत्यूचा दाखला, वडिलांच्या स्टील मिलकडचे अर्ज, आचारी, मंडपवाला असं सगळं निस्तरलं होतं आणि एका गोष्टीचं मात्र नाव काढलं नव्हतं. ती गोष्ट भिंतीशी ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत होती. निदान तो तसं धरून चालला होता.

"माय, पेटी उघडू का?" तो म्हणाला. "उद्या सोमवार हाये. बँक उघडी राहील. अक्षताला पैसे परत टाकता येतील."

"उघड," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून तशाच.

धाकट्या संघपालने वडिलांच्या फोटोपुढची चावी उचलून भावाच्या हातात दिली. पेटीत वर सर्जेरावांचे मिलचे दोन शर्ट होते, भट्टीच्या ठिणग्यांनी भोकं पडलेले. खाली रेशनकार्ड, दवाखान्याचे जुने कागद, आणि त्याखाली पांढरी कापडी पिशवी. भारताने ती उचलली आणि तिच्या वजनानेच त्याला कळलं. तरी त्याने आत हात घालून पाहिला. पिशवी नीट घडी घालून ठेवलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं.

"किती होते?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं.

"दोन लाख चौतीस हजार," अक्षता म्हणाली. ती सर्जेरावांची मधली लेक. "मी सोता आबांच्या हातात दिल्ते. शनिवारी. दसऱ्याला. संघपाल होता तव्हा."

"होतो," संघपाल म्हणाला. "म्या पाह्यले."

आता या घराचा हा दसरा कसा असायचा, हे सांगायला हवं. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी सकाळी वंदना, दुपारी गोड, आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला सर्जेराव पैसे बघायचे. नोटाबंदीत पेटीतले सत्तावन्न हजार बदलायला चार दिवस रांगेत उभं राहिल्यावर या माणसाचा पेटीवरचा विश्वास उडाला होता, पण बँकेवर बसला नव्हता. बियाण्याच्या कंपनीत हिशेबाचं काम करणाऱ्या लेकीने त्यांना कसंबसं पटवलं. महिन्याला पाचशे, जास्त नाही. म्युच्युअल फंडात. जमलं तर वाढवू, नाही जमलं तर बंद करू. आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव जुळेना, म्हणून अक्षताच्या नावावर खातं निघालं. सर्जेराव तयार झाले, पण एका अटीवर. मोबाइलवरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. वर्षातून एकदा सगळे काढून आणायचे, माझ्यापुढे ठेवायचे, मी हात लावणार, मग परत टाक.

"आबा, असं काढलं की दर टायमाला थोडं कापतात," अक्षता पहिल्याच वर्षी म्हणाली होती.

"कापू दे. बघायचं तिकीट समज."

पहिल्या दसऱ्याला सहा हजारांचे पाच हजार नऊशे वीस आले. सर्जेराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उंदरानं खाल्ले असते तर यापेक्षा जास्ती खाल्ले असते," आणि पुढच्या महिन्यापासून हजार सुरू केले. मग पंधराशे. मग दोन हजार. दर दसऱ्यानंतर पाचशेनं पाऊल पुढे. सात वर्षांत त्यांनी एक लाख अडुसष्ट हजार दिले होते, आणि यंदा चटईवर मांडलेल्या नोटांच्या गड्ड्या बघून त्यांनी दोन्ही हात मांडीवर पुसले आणि म्हणाले, "हे चांगुणाचे. म्या गेलो तर तिनं कोणापुढं हात पसरायचा न्हाई." दरवर्षी अंधार पडायच्या आत पैसे लेकीच्या पर्समध्ये परत जायचे. यंदा दसरा शनिवारी आला आणि दुसऱ्या दिवशी रविवार. सर्जेराव म्हणाले, मग सोमवारीच ने, दोन दिवस राहू दे घरात. सोमवारी पहाटे साडेपाचला, पहिल्या पाळीला निघायला म्हणून सदरा घालताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. त्या शनिवारी आपण "न्हाई आबा, मी आत्ताच घेऊन जाते" का म्हटलं नाही, हे अक्षता गेले सात दिवस स्वतःला विचारत होती.

"पैसे तुह्या नावावर होते," भारत आता म्हणत होता. "तूच काढले, तूच आणले. कागदावर आबांचं नाव कुठं बी न्हाई."

"दादा!"

"म्या फक्त सांगून राह्यलो. उद्या कोणी इचारलं तर काय सांगायचं?"

"कोण इचारनार हाये? तुला सात वर्सांपून माहीत हाये ते मह्या नावावर काहून हायेत." अक्षताने पर्समधून बँकेची स्लिप काढून त्याच्यापुढे टाकली. "ही घे. शुक्रवारची हाये. आन् ज्यानं पाह्यलं त्यो हितं बसलाय."

"ताईवर काहून घेता?" वंदना मध्ये पडली. भारताची बायको सासरच्या भांडणात सहसा बोलत नसे. "भावजी सांगून राह्यले ना, पाह्यले म्हून. म्हंजे घरात आल्ते. घरातून कुठं गेले ते बघा."

वंदना हे मनापासून बोलली. पेटी रिकामी निघाली त्या क्षणी तिच्या डोळ्यापुढे परतूरच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या आल्या होत्या. मुलीची दहावी, एकच पंखा, आणि दाराशी सासूबाईंची पिशवी. सासूवर तिचा राग नव्हता. पण तिची स्वतःची आई तीन भावांकडे चार-चार महिने राहायची, आणि प्रत्येक घरातून निघताना तिचा चेहरा आणखी लहान व्हायचा, ते वंदनाने पाहिलं होतं. शेवटी शेवटी आई पाणी प्यायलासुद्धा विचारायची. दोन लाख चौतीस हजार असते तर सासूबाई इथेच राहिल्या असत्या, आपल्या घरात, आपल्या चुलीशी. ते पैसे मिळालेच पाहिजेत, एवढंच तिच्या मनात होतं.

"घरातून कुठं गेले ते मी सांगू का वहिनी?" अक्षताचा तोल सुटला होता. भावाने केलेला संशय तिला फार लागला होता. "ऑगस्टमदी आबांकडं एक लाख कोण मागून राह्यलं होतं? प्लॉटच्या पैशाला?"

भारताचा चेहरा पडला. ही गोष्ट त्याच्यात आणि वडिलांत होती. त्या दिवशी सर्जेरावांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला, जेवू घातलं आणि नाही म्हटलं. मागितले म्हणून त्याला लाज वाटली नव्हती. वडिलांनी नाही म्हटल्यावर आपण त्यांच्याशी दीड महिना फोनवर धड बोललो नाही, आणि मग ते गेले, याची लाज त्याला रोज वाटत होती.

"मागितले व्हते," तो म्हणाला. "उसने मागितले व्हते. आन् म्या सोमवारी दहा वाजता हितं आलो. तव्हा घरात शंभर माणूस होतं. म्या पेटीकडं बघितलं तरी का?"

"आमच्या घरावर आलं का आता?" वंदना ताडकन म्हणाली. दोन मिनिटांपूर्वी ज्या नणंदेची बाजू घेतली तिनेच हे काढलं, याने तिचा संताप झाला. "मंग मी बी इचारते. चावी आबांच्या करदोड्याला असायची. अंघोळ घालताना करदोडा कोणी काढला?"

सगळ्यांना माहीत होतं.

"म्या काढला," संघपाल म्हणाला. "मह्या हातानं. चावी फोटोपुढं म्याच ठेवली. सात दिवस तिथंच हाये, कोणी बी उचलू शकतं."

संघपाल सव्वीस वर्षांचा, अजून लग्न व्हायचं होतं, बियाणं साफ करायच्या प्लांटवर ठेकेदाराकडे कामाला. हंगामात रात्रपाळी. वडील गेले त्या पहाटे तो प्लांटवर पोती शिवून घेत होता आणि सात वाजता घरी आला तेव्हा दारात गर्दी होती. वडिलांना शेवटचं पाणी आपल्या हाताने घालता आलं नाही म्हणून त्याने अंघोळ घालायचं काम कुणाला करू दिलं नव्हतं.

"चार वर्सांमागं पेटीतून आठ हजार कोणी घेतले होते?" भारताने विचारलं.

"म्या घेतले. मोटरसायकलला भरले. आठ दिवसांनी म्याच आबांना सांगितलं बी."

"सांगितलं. पण घेतले ना?"

"दादा, आबांनी माफ केलं मला."

"आबांनी केलं," भारत म्हणाला.

संघपालने अक्षताकडे पाहिलं. लहानपणी याचं पहिलं पाटीपुस्तक तिनेच बांधून दिलं होतं, दहावीचा फॉर्म तिनेच भरला होता, आणि आठ हजारांच्या वेळी वडिलांपुढे रदबदली करायला तीच उभी राहिली होती. आताही ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. अक्षताला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण तिच्या डोक्यात सगळे धागे एकच दिशा दाखवत होते, आणि भावाने तिच्या अंगावर टाकलेला संशय आता दुसरीकडे सरकला म्हणून तिला, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं.

"संघपाल," ती हळू म्हणाली, "घेतले असशील तर सांग रे. थोडे खर्च झाले असतील तरी चालतील. मी भरीन."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू बी?"

"मी काही म्हनत न्हाई. मी फक्त..."

"माय, तू सांग." तो आईपुढे उकिडवा बसला. "तुला तरी वाटतं का असं? तू बोल. तू म्हनशील ते खरं."

चांगुणाबाईंनी धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"मी काय सांगू बाबा," त्या म्हणाल्या.

संघपाल उठला. त्याने खिशातून मोबाइल, प्लांटच्या गेटचं कार्ड आणि तीनशे चाळीस रुपये काढून चटईवर ठेवले. मग आतल्या खोलीतून आपली पाठीवरची बॅग आणून भारताच्या पायाशी आपटली. "घे. बघ. गादीखाली बघ, डब्यात बघ, मोटरसायकलची सीट उघडून देतो."

"नाटकं नको करू."

"बघ म्हनलं ना!"

भारताला नको होतं. आपण बघू नये, हे त्याला त्या क्षणीही स्पष्ट कळत होतं. पंधरा वर्षं शाळेत शिकवताना त्याने एकाही पोराच्या दप्तरात हात घातला नव्हता. तरी तो खाली वाकला, त्याने चेन ओढली आणि भावाचे दोन टी-शर्ट, टॉवेल, चार्जर एकेक करून बाहेर काढले. बॅगेत दुसरं काही नव्हतं. ती पालथी करून झटकल्यावरच तो थांबला.

संघपालने कपडे परत कोंबले, मोबाइल आणि पैसे उचलले. दाराशी चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा हुकला. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि वस्तीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

"येईल राग जिरला की," वंदना म्हणाली, पण तिलाच ते पटलं नाही.

त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते फार शहाणपणाचं झालं. भारत आणि अक्षता आता एकमेकांशी मऊ बोलत होते. पोलिसांत जायचं नाही, घरची अब्रू जाईल. दिवाळीपर्यंत वाट बघू. भारत म्हणाला, "माय, दिवाळी झाली की परतूरला ये. सहा महिने आमच्याकडं राहा. मंग संघपालचं काही ठिकाणावर आलं की बघू. न्हाईतर अक्षताकडं बी थोडे दिवस."

"माह्याकडं येऊ दे ना," अक्षता म्हणाली. "प्रेम काही न्हाई म्हननार न्हाईत." प्रेम तिचा नवरा. तो नाही म्हणणार नव्हता, पण त्याला अजून विचारलेलं नव्हतं.

"हे घर भाड्यानं देता येईल," वंदनाने सुचवलं. "मायच्या खर्चाला होईल काही."

"बराबर हाये," भारत म्हणाला.

चांगुणाबाई प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होत्या. पावणेचारला भारत आणि वंदना परतूरच्या गाडीसाठी निघाले. निघताना भारत आईच्या पाया पडला आणि त्याला हुंदका आला. तो खरा होता.

घरात मायलेकी उरल्या. अक्षताने कोपऱ्यातली ताटं गोळा करायला घेतली.

"राहू दे ते. दार लाव," चांगुणाबाई म्हणाल्या. "कडी घाल."

अक्षताने कडी घातली. ती वळली तेव्हा चांगुणाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कमरेचं काही सोडत होत्या. लुगड्याच्या आतून जुन्या परकराच्या कापडाचा लांब पट्टा बाहेर आला, घामाने काळपट झालेला, ठिकठिकाणी टाके घातलेला. तो त्यांनी चटईवर पसरला आणि एक टाका दाताने तोडला. पाचशेच्या नोटा दिसल्या.

अक्षता खाली बसली.

"सगळे हायेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "एक बी कमी न्हाई."

"कव्हा घेतले?"

"ते पडले तव्हाच."

"म्हंजे?"

"पयले हात लावून पाह्यला. नाकापाशी धरला. गेल्ते." चांगुणाबाई दुसरा टाका सोडत होत्या. "मंग करदोड्याची चावी सोडली. पेटी उघडली, पैसे काढले. पेटी लावली, चावी परत बांधली. मंग आरडले."

अक्षता मनात ते सगळं करून बघत होती. गाठ सोडायची. कुलूप. शर्ट बाजूला. पिशवी.

"पिशवीची घडी घातलीस?"

"हाताला सवय हाये."

ते खरंच गेले होते का माय, हा प्रश्न अक्षताच्या ओठांपर्यंत आला. शेजारी रिक्षावाला राहतो, दवाखाना दहा मिनिटांवर. तिने विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी त्यानंतर तिला या बाईला माय म्हणता आलं नसतं.

"आन् मंग एवढा येळ बोलली काहून न्हाईस? संघपालला चोर ठरवलं आम्ही. म्या ठरवलं."

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"पयले आरडले असते तर वस्ती गोळा झाली असती, तुम्ही आले असते. चावी कोणाच्या तरी हातात गेली असती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. धान्य निवडावं तसं एकेक बाजूला काढून सांगत होत्या. "तू पैसे परत तुह्या नावावर टाकले असते. चांगल्या मनानं. भारतानं सांभाळायला घेतले असते, त्यो बी चांगल्या मनानं. आन् मी मागत राह्यले असते. मिठाला, गोळ्यांला, बसच्या तिकिटाला. चाळीस वर्सं तेच केलं मी."

"आबा तुला देत न्हवते का?"

"देत होते. मागितलं की देत होते." चांगुणाबाई थांबल्या. "तुह्या हप्त्यात महे पैसे न्हवते का गं? आठ वर्सं बियाणं निवडायला गेले. शनिवारी पगार झाला की त्यांच्या हातात. दसऱ्याला तुम्ही तिघं चटईवर बसून नोटा मांडायचे. मला कोणी बसवलं तिथं? मी च्या करत होते. म्या एक नोट हातात घेतलेली न्हाई सात वर्सांत. तुम्ही बोलायचे, चांगुणाचे, चांगुणाचे, आन् मी आत कपबशा धूत ऐकायची."

ते सगळं अक्षताच्या डोळ्यांदेखत झालं होतं. चहा तिनेही प्यायला होता.

"आज तासभर बसले तुम्ही," चांगुणाबाई म्हणाल्या. "पैसे कुठं गेले, कोणी नेले, किती होते. एकानं न्हाई इचारलं की माय, तुहं आता कसं. मला सहा महिने हिकडं, थोडे दिवस तिकडं वाटून टाकलं. घर भाड्यानं दिलं. तू बी तिथंच होतीस."

"होते," अक्षता म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. चांगुणाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, पण रडणं थांबेपर्यंत नोटांना हातही लावला नाही.

"उद्या दहाला बँकेत चल," मग त्या म्हणाल्या. "गॅसच्या पैशाचं महं खातं हाये. हे तिथं भरायचे. मंग तुह्या आबांचं केलं तसं, महिन्याला थोडं थोडं तिकडं टाकायचं. मह्या नावानं. पयले हजार टाकू. सहा महिने बघू, मंग वाढवू."

"तुहं आधार न् पासबुक जुळतं का?"

"जुळतं. गेल्या महिन्यातच चौकातल्या दुकानात जाऊन बघून घेतलं. तुह्या आबांना ठाऊक न्हवतं."

"आन् दसऱ्याला?"

"दसऱ्याला काढायचे न्हाई. मला बघायची गरज न्हाई."

अक्षताने डोळे पुसून मोबाइल हातात घेतला. "पयले संघपालला सांगते. त्याला घरी बोलावते."

चांगुणाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं अक्षताला वाटलं नव्हतं.

"न्हाई. कागद मह्या नावाचा झाला की सांग."

"माय, आठ-दहा दिवस लागतील त्याला."

"लागू दे."

"तवर तो चोर म्हून फिरंल! भावानं बॅग झाडली त्याची. तुह्यापुढं. तो तुला इचारत होता."

"इचारत होता," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "महं लेकरू हाये ते. मला कळत न्हाई का? पण त्याला सांगितलं की तो भारताला फोन करील, मोठ्यानं, चार शिव्या देऊन. बराबर हाये, त्यानं द्यायलाच पाह्यजेत. मंग भारत सांजच्या गाडीनं परत येईल. तिघं बसताल आन् मला समजावताल. माय, तुला काय कळतं, माय, आम्ही हाओत ना. मंग मी समजते. मी लई जल्दी समजते, अक्षता. जन्मभर तेच केलं. एवढ्या बारीला मला समजायचं न्हाई."

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. संघपालच होता.

अक्षताने आईकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी मनगट सोडलं. नको म्हणाल्या नाहीत, मानही हलवली नाही. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"ताई," तिकडे गाडीचा आवाज होता, माणसांचा गलका होता. "टेशनावर हाये. मोटरसायकल दोस्ताकडं लावली. बबलू चाकणला चाललाय, त्याच्या संगं चाललो. तिथं कंपनीत काम हाये म्हनला."

"कव्हा येशील?"

"काहून येऊ?" तो थांबला. मग त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला. "ताई, एकच सांग. दादाचं जाऊ दे. तुला तरी खरं वाटतं ना, म्या न्हाई घेतले?"

चटईवर नोटा पसरल्या होत्या. चांगुणाबाईंचे दोन्ही हात त्यांच्यावर पालथे ठेवलेले होते. त्या हातांवर पाट्या उचलून पडलेले घट्टे होते आणि बांगड्या नव्हत्या. एक वाक्य पुरलं असतं. अक्षताने ते वाक्य मनात पूर्ण जुळवलंही.

"मला काय माहीत, संघपाल," ती म्हणाली.

तिकडे गाडीने शिटी दिली. तो "बरं" म्हणाला की नुसता श्वास सोडला, तिला कळलं नाही. फोन बंद झाला होता.

चांगुणाबाईंनी नोटा गोळा करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

"सकाळपून पाहुण्यांला वाढत होता," त्या म्हणाल्या. "जेवला का तो?"

"म्या न्हाई इचारलं," अक्षता म्हणाली.